चाल कोणाची, आवाज कोणाचा?

‘ओरिजनल देऊ का व्हर्शन?’

१९९० च्या आसपास आमच्या उस्मानाबादेत (आता धाराशिव) कॅसेटच्या दुकानात गिऱ्हाइकाला हा प्रश्न हमखास विचारला जायचा. ओरिजनल म्हणजे एचएमव्हीची, लता-रफी-किशोर यांच्या आवाजातली कॅसेट. व्हर्शन म्हणजे तेच शब्द, तीच चाल, जमेल तितका तोच वाद्यमेळ. आवाज मात्र दुसऱ्याच कुणाचा आणि किंमत बरीच कमी. जीपवाला, हॉटेलवाला, मांडवात भोंगा लावणारा, ही सगळी मंडळी व्हर्शन घ्यायची. ओरिजनल घेणारा घरी टेपरेकॉर्डरवर कापड झाकून ठेवणारा असायचा. इंग्रजीत ज्याला ‘कव्हर व्हर्जन’ म्हणतात त्यातला ‘कव्हर’ आमच्याकडे आलाच नाही. ‘व्हर्शन’ एवढाच शब्द आला आणि तो नकली मालाला दिलेल्या जरा बऱ्या नावासारखा वापरला गेला.

गेली काही वर्षं मी जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांतून, बंद पडलेल्या दुकानांच्या माळ्यांवरून जुन्या कॅसेटी गोळा करतो आहे. मला टेपपेक्षा डबीतल्या छापील कागदाचं, म्हणजे इनलेचं, वेड जास्त. कुणाचं नाव मोठ्या अक्षरात, कुणाचं बारीक, कुणाचं नाहीच, हे त्यावर वाचता येतं. हा लेख त्या कागदांतून निघाला. तो वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. आपण ज्याला ‘एक गाणं’ म्हणतो ती कायद्याच्या दृष्टीने किमान तीन वेगवेगळ्या मालकीच्या वस्तूंची मोट असते : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. प्रताधिकार कायद्यात ‘सांगीतिक कृती’ची व्याख्याच अशी आहे की तिच्यात शब्द येत नाहीत.

गदिमा आणि सुधीर फडके या जोडीचं एखादं गीत घ्या. शब्दांचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे शब्द २०३७ अखेर मोकळे होणार. फडके २००२ साली गेले, म्हणून चाल २०६२ पर्यंत बांधलेली. आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क मोजायचा तो प्रकाशनापासून ६० वर्षं. तेव्हा १९६० साली तबकडी निघाली असेल तर ती तबकडी आज मोकळी, पण तिच्यातले शब्द आणि चाल नाही. ऐकणाऱ्याला एकजीव वाटणारं गाणं कायद्याच्या दफ्तरात असं तीन तारखांना सुटतं.

व्हर्शनचा सगळा धंदा या फटीतून उगवला. मूळ ध्वनिमुद्रणाला हात लावायचा नाही. शब्द आणि चाल घ्यायची, त्यांच्या मालकाला ठरलेलं मानधन द्यायचं आणि नवं ध्वनिमुद्रण करायचं. चोरी म्हणजे पायरसी ती वेगळी. तिच्यात मूळ टेपचीच नक्कल होते. दुकानदार दोन्हींना ‘डुप्लिकेट’ म्हणायचे आणि त्या गोंधळात बराच चोरीचा माल व्हर्शनच्या नावाखाली खपला.

अशी सवलत कायद्यात आली कशी? तिचं मूळ एका वाजत्या पेटीत आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानो घरोघर आले. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही गुंडाळी माणसाला वाचता येत नाही, सबब ती गाण्याची ‘प्रत’ नव्हे आणि संगीतकाराला काही देणं लागत नाही. पुढच्याच वर्षी संसदेने हे बदललं. संगीतकाराला हक्क दिला, पण गुंडाळ्या बनवणारी एकच मोठी कंपनी सगळ्या संगीतकारांना बांधून घेईल अशी भीती होती. म्हणून तोड काढली : एकदा कुणाला परवानगी दिली की बाकीच्यांनीही प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट देऊन तेच गाणं काढावं, संगीतकाराला नाही म्हणता येणार नाही. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्यात याच जातीची तरतूद आली, तिथून ती हिंदुस्थानात उतरली आणि १९५७ च्या आपल्या कायद्यात कलम ५२(१)(ञ) म्हणून बसली. मक्तेदारी मोडण्यासाठी जन्मलेलं हे कलम पुढे जवळपास पंचवीस वर्षं कुणाच्या फारसं कामी आलं नाही, कारण मक्तेदाराला आव्हान द्यायला दुसरा कारखानाच नव्हता. तबकडी दाबायला अवजड यंत्रं लागतात. एचएमव्हीचा कारखाना कोलकात्याजवळ डमडमला. सत्तरच्या दशकात जोडीला पॉलिडोर आली. दोघींनाही परांड्याच्या किंवा भूमच्या माणसाला काय ऐकायचंय याच्याशी कर्तव्य नव्हतं, आणि हजारोंनी खप असल्याशिवाय तबकडी परवडतही नव्हती.

कॅसेटने हे गणित उलटं केलं. फिलिप्सने १९६३ साली आणलेली ही डबी आपल्याकडे खऱ्या अर्थाने पसरली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीला, आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून आणि पुढे आयातीचे नियम सैल झाल्यावर. एक मास्टर टेप, तिला जोडलेली नकला काढणारी यंत्रं, छापखान्यातून आलेला इनले; एवढ्यावर कंपनी उभी राहायची. एका खोलीतही. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली उत्तर भारताच्या ‘कॅसेट संस्कृती’वर पुस्तक लिहिलं, त्याचा गाभाच हा की स्वस्त यंत्राने संगीताच्या उत्पादनाची मालकी वाटून टाकली. या लाटेतली सगळ्यात यशस्वी होडी गुलशन कुमार यांची. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचं दुकान चालवणाऱ्या घरातल्या या माणसाने १९८३ साली सुपर कॅसेट्स, म्हणजे टी-सीरीज, काढली. जुन्या सिनेगीतांचे हक्क एचएमव्हीकडे होते. आवाज मात्र कुणाकडे गहाण नव्हते. मग अनुराधा पौडवाल, कुमार सानू, सोनू निगम अशा तेव्हाच्या नव्या किंवा उमेदीतल्या गायकांकडून तीच गाणी गाऊन घेतली गेली. रफींच्या गाण्यांवर सोनू निगम यांनी गायलेल्या कॅसेटी आमच्या भागात इतक्या वाजल्या की माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी ती गाणी आधी त्यांच्याच आवाजात ऐकली, रफी नंतर भेटले.

जाणकारांनी तेव्हा नाकं मुरडली. त्यांचं काही चुकत होतं असं नाही. घाईत केलेल्या त्या वाद्यमेळात सिंथेसायझरने सतारीची जागा घेतली होती आणि कधीकधी ठेकाही ओढल्यासारखा वाटायचा. पण ज्या घरात तबकडी वाजवण्याचं यंत्र कधी आलंच नाही त्या घराला जुनी गाणी पहिल्यांदा विकत घेता आली ती व्हर्शनमुळे. हेही खरंच, आणि ते म्हणणारे तेव्हा कमी होते.

भांडण कोर्टात गेलंच. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) या चित्रपटाची गाणी एचएमव्हीकडे होती. त्यांची व्हर्शन कॅसेट जवळपास त्याच नावाने बाजारात आली. दिल्ली उच्च न्यायालयाने वेष्टनातला सारखेपणा रोखला आणि हे मूळ ध्वनिमुद्रण नाही असं ठळकपणे छापायला सांगितलं. त्यानंतरच्या कॅसेटींवर तशी ओळ दिसते. माझ्या खोक्यातल्या काही इनलेंवर ती इतक्या बारीक टायपात आहे की भिंग लागतं. १९९४ च्या दुरुस्तीने मूळ ध्वनिमुद्रण निघाल्यापासून दोन वर्षं थांबण्याची अट घातली. मग २००३ साली गंमत झाली. टी-सीरीजनेच केलेल्या व्हर्शनची, ‘पाकीजा’तल्या एका गाण्याची, दुसऱ्या कंपनीने नक्कल केल्याचा दावा टी-सीरीजने लावला. व्हर्शनचा मालक आता मूळ मालकाच्या जागी उभा होता. न्यायालय म्हणालं, गायक बदलणं हा गाण्यातला लहानसहान फरक नव्हे, तो बदलच आहे आणि त्याला मूळ हक्कदाराची संमती लागते.

माझ्या मते या सगळ्या वादातला कळीचा शब्द ‘बदल’ हाच आहे. व्हर्शनच्या सवलतीत पहिल्यापासून एक अट होती : मूळ कृतीत बदल करायचा नाही, ध्वनिमुद्रणासाठी भागच पडेल तेवढाच करायचा. कायदा हुबेहूब नकलेला दार उघडतो आणि गाण्याचं काही वेगळं करू पाहणाऱ्याला अडवतो. आपल्या मुलखातली रीत बरोबर याच्या उलटी आहे. इथे चाल उचलायची आणि बाकी सगळं बदलायचं.

संगीत नाटकांची जुनी पुस्तकं ज्यांनी चाळली आहेत त्यांना आठवेल, पदाच्या डोक्यावर कंसात किंवा बारीक अक्षरात छापलेलं असायचं : ‘चाल –’ आणि पुढे कुठल्यातरी प्रचलित गाण्याचे पहिले शब्द. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’पासून ही पद्धत दिसते. चाल कधी साकी-दिंडीची, कधी कीर्तनातल्या पदाची, कधी कानडी गाण्याची, कधी बैठकीतल्या चिजेची. नाटककाराला त्यात कमीपणा वाटत नव्हता. उलट, कुठली चाल ते सांगितल्याने गावोगावच्या हौशी नटाला पद बसवता यायचं. स्वरलिपी न वाचणाऱ्या समाजाची ती स्वरलिपी होती. एका ओळीत उसनवारीची कबुलीही होती आणि वापरण्याची सूचनाही. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी हीच वाट धरली. लोकांच्या तोंडी असलेली चाल घेतली की नवा विचार ऐकणाऱ्याच्या तोंडी लगेच बसतो, हे जलसाकारांना पक्कं ठाऊक होतं. पुढे भीमगीतांमध्ये सिनेमाच्या चाली आल्या त्याही या हिशेबानेच. आणि ‘मूळ आवाज’ म्हणाल तर गीतरामायणाचं उदाहरण आहेच. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं तेव्हा अनेक गीतं वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. छपन्नही गीतं फडक्यांच्या आवाजात ऐकायची सवय आपल्याला नंतर लागली. संगीतकारानेच केलेलं ते व्हर्शन आज मूळ म्हणून ओळखलं जातं.

तुळजापूरच्या कॅसेटी या परंपरेतच जन्मल्या. नवरात्रात आणि कोजागिरीच्या यात्रेत महाद्वाराच्या रस्त्याला कुंकू-कवड्यांच्या दुकानांशेजारी कॅसेटींचे ढीग लागायचे. मराठीच्या जोडीला कानडी आणि तेलुगूही, कारण यात्रेकरू तिकडूनही येतात. एकच चाल एका दुकानापुढे मराठी शब्दांत आणि चार पावलांवर कानडी शब्दांत ऐकू यायची. पहिली कुठली, हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्यात आराध्यांची जुनी गाणी होती, गोंधळ्यांची संबळ-तुणतुण्यावरची आख्यानं होती, आणि त्या वर्षी गाजलेल्या सिनेगीतांच्या चालींवर बांधलेली देवीची गाणी तर ढिगानं. व्हर्शन आणि हा प्रकार दुकानात एकाच फळीवर असायचा. कायद्याच्या नजरेत मात्र पहिला सवलतीत बसणारा आणि दुसरा, चालीच्या मालकाची वेगळी परवानगी घेतल्याशिवाय, बाहेरचा.

माझ्याकडच्या इनलेंवर नजर टाकली की एक गोष्ट ठसठसते. नाटकाच्या पुस्तकातली ‘चाल –’ ही ओळ कॅसेटीवरून गेलेली आहे. जिथे चाल उघडउघड सिनेमाची आहे तिथेही ‘संगीत : पारंपरिक’ छापलेलं, किंवा कंपनीच्या ओळखीतल्या कुणाचंतरी नाव. का, ते समजणं अवघड नाही. पूर्वी चालीचं मूळ सांगण्याने फायदा होता, आता सांगितलं तर नोटीस यायची. परवानगीच्या भीतीने कबुली पुसली गेली. आणि ‘पारंपरिक’ या शब्दाने दुसऱ्या बाजूनेही काम केलं. जे गाणं खरोखरच आराधी मेळ्यातून आलं होतं त्याच्या गाणारणीचं नाव घालायची गरज उरली नाही. मुंबई-पुण्याचा वाद्यमेळ, नावाजलेला आवाज, आणि शब्द-चाल ‘पारंपरिक’. मेळ्याच्या वाट्याला फार तर स्टुडिओतला एक दिवस आणि जाण्यायेण्याचं भाडं.

याच काळात जगात दुसरीकडे छोट्या कंपन्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे कॅसेटची लाट आली त्याच्या जरा आधी इंग्लंडमध्ये ‘न्यू वेव्ह’ नावाची संगीताची नवी लाट उसळली होती आणि तिचा बराच भाग मोठ्या कंपन्यांबाहेर, स्वतंत्र लेबलांवर निघाला. मँचेस्टरचं ‘फॅक्टरी’ हे १९७८ चं लेबल त्यातलं गाजलेलं. त्याच्या कराराची कथा सांगतात ती अशी की सगळं वादकांच्या मालकीचं, कंपनीचं काहीच नाही. परिणामी १९९२ साली फॅक्टरी बुडाली तेव्हा विकायला तिच्याकडे गाणीच नव्हती. व्यवहार म्हणून आचरटपणा. कलावंताच्या बाजूने पाहिलं तर असा आचरटपणा आपल्याकडे एखाद्या कंपनीने करायला हवा होता. याच लेबलवर १९८० साली ‘जॉय डिव्हिजन’ या गटाचं ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ आलं. तीन वर्षांत पॉल यंगने ते अगदी वेगळ्या ढंगात गायलं. पुढे २००४ साली ‘नुव्हेल व्हाग’ नावाच्या फ्रेंच गटाने तेच गाणं, आणि त्या लाटेतली इतरही बरीच, ब्राझीलच्या बोसा नोव्हाच्या संथ लयीत बसवली. फ्रेंचमध्ये ‘नुव्हेल व्हाग’ म्हणजे नवी लाट. ‘बोसा नोव्हा’चा अर्थही जवळपास तोच. शब्दांचा खेळ चांगला जमला आहे, गाणीही.

त्यांच्या कव्हरची आणि आमच्या व्हर्शनची प्रेरणा निराळी होती. मूळ गाणं सगळ्यांनी ऐकलेलं आहे असं तिथे गृहीत असतं. मजा त्याच्यापासून दूर जाण्यात असते. इथे मूळ परवडत नाही म्हणून शक्य तितकं जवळ जायचं असतं. पण चाल ओळखीची ठेवून बाकी सगळं पालटण्याचा नुव्हेल व्हागचा खेळ आणि तुळजापूरच्या रस्त्यावरचा खेळ मात्र चुलत भावंडं आहेत. फरक एवढाच की तिकडच्या तबकडीवर मूळ गीतकार-संगीतकारांची नावं आहेत आणि त्यांना पैसे पोचतात.

२०१२ साली आपल्याकडचं जुनं कलम रद्द झालं आणि ३१-सी हे नवं आलं. आता मूळ ध्वनिमुद्रण निघाल्याच्या वर्षाअखेरीपासून पाच वर्षं थांबावं लागतं. वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा चित्र नको, चित्रपटाचंही नको, आणि ‘कव्हर व्हर्जन’ असं स्पष्ट छापायचं. वापरलेल्या प्रत्येक कृतीमागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरायचं. बदलाची मनाई कायमच. बड्या कंपन्यांच्या फुकट्या फायद्याला चाप बसला हे चांगलं झालं. गीतकार-संगीतकारांच्या बाजूने पाहता ही दुरुस्ती गरजेचीच होती. पण ५०,००० प्रती! लोहाऱ्याच्या किंवा कळंबच्या एखाद्या गायकाने हौसेने दहा जुनी भावगीतं गाऊन काढायची म्हटली तर त्याने पाच लाख प्रतींचे पैसे आधी मोजायचे. याच कलमात एक परंतुक आहे, ज्याकडे मराठीत लिहिणाऱ्यांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. विशिष्ट भाषेतल्या किंवा बोलीतल्या कृतींसाठी, त्यांचा संभाव्य खप पाहून, किमान प्रतींचा आकडा कमी ठरवता येईल असं ते म्हणतं. भाषा आणि ‘बोली’ असे दोन्ही शब्द त्यात आहेत. मराठवाडी बोलीतल्या गाण्यांसाठी असा आकडा मागण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. मागायला कुणीतरी उभं राहायला हवं, आणि साहित्य संस्थांनी ठराव करायचे तर असल्या विषयावर करावेत.

बोलीच्या गाण्यांचा प्रश्न आता कॅसेटीपुरता राहिलेला नाही. गेल्या नवरात्रात तुळजापूर तालुक्यातल्या एका आराधी मेळ्याचं गाणं त्यांच्यातल्या एका पोराने मोबाईलवर चित्रित करून यूट्यूबवर टाकलं. पंधरा दिवसांत निरोप आला : या चित्रफितीत एका संगीत कंपनीच्या मालकीचा मजकूर आहे. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. तिने काही वर्षांपूर्वी हेच गाणं एका गायिकेकडून गाऊन घेतलं होतं. तिच्या इनलेवर ‘पारंपरिक’ असंच छापलेलं आहे. ती कॅसेट माझ्याकडे आहे, म्हणून पोरगा माझ्याकडे आला. मेळ्यातल्या थोरल्या मावशीही सोबत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, ह्ये तर माझ्या सासूचं गाणं. कंपनीचं कवा झालं?”

उत्तर सोपं आहे, पटवणं अवघड. कंपनीच्या मालकीचं आहे ते तिचं ध्वनिमुद्रण आणि तिच्या वादकांनी रचलेले मधले तुकडे. शब्द आणि चाल तिने स्वतःच पारंपरिक म्हटली आहे, म्हणजे त्यांवर तिचा हक्क नाही. मेळ्याने स्वतःच्या गळ्यातून, स्वतःच्या संबळावर गायलेलं गाणं हे त्यांचं स्वतंत्र ध्वनिमुद्रण. व्हर्शनसुद्धा नव्हे, कारण नक्कल कुणी कुणाची केली हे उघड आहे. पण यूट्यूबवरची जुळणी यंत्र करतं. ते आवाज पडताळतं, चालही पडताळतं. आधी कुणी नोंदवलं एवढंच त्याला कळतं, आधी कुणी गायलं ते कळत नाही.

आम्ही हरकत नोंदवली. सोबत इनलेचा फोटो जोडला, ‘संगीत : पारंपरिक’ या ओळीखाली लाल रेघ मारून. महिन्याभरात दावा मागे घेतला गेला. त्यानंतर त्या पोराने मेळ्याची सगळी गाणी एकेक करून ध्वनिमुद्रित करायला घेतली आहेत. प्रत्येक गाण्याखाली तो गाणारणीचं नाव, गाव आणि ते कुणाकडून आलं ते लिहितो. एका गाण्याखाली त्याने ‘चाल : सिनेमातली’ असंही लिहिलंय. ते काढून टाक, नसती भानगड होईल, असं त्याला दोघातिघांनी सांगून पाहिलं. अजून तरी त्याने काढलेलं नाही.